रमण, हवा जात कुठं होती?

रमण, तू मला फसवत होतास असा माझा संशय आहे. माणूस गेला की त्याच्यावरचे संशयही त्याच्याबरोबर जाळून टाकायचे असतात म्हणे. मला ते जमलेलं नाही. तुझ्या दहाव्याला तापीच्या काठावर सगळे डोळे पुसत होते, मीही पुसत होतो, आणि तरी डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दर रविवारी माझ्या टेबलावरच्या त्या नळ्यांतून हवा जात कुठं होती?

तुला माझा स्वभाव माहीत होता. गॅसचा नॉब मी दोनदा बघतो, कुलूप ओढून बघतो, आणि कुणी फार गोड बोलायला लागलं की खिसा चाचपतो. साडू हे नातं तर तसंही एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघण्याचंच. माझी लता थोरली, तुझी कल्पना धाकटी, म्हणून सासुरवाडीत मान माझा. पण आमरसाची दुसरी वाटी आधी तुझ्या ताटात पडायची, हे मी पहिल्याच वर्षी बघून ठेवलं होतं. तुझ्यात असं काय होतं ते मला कळायचं नाही. सारंगखेड्याला तू केळी लावायचास, लोकांच्या शेतात ठिबकच्या नळ्या जोडून द्यायचास आणि मोठ्यानं हसायचास. एवढंच तर होतं.

माझ्याकडे मात्र कामाशिवाय कोणी येत नाही. नंदुरबारात माझा फोटो स्टुडिओ. लग्न ठरलं की माणसं येतात, अल्बम हातात पडला की जातात. मधल्या काळात कुणी नुसतंच टेकलं तर मी विचारतो, काय काम काढलं? या एका प्रश्नानं आजवर बरेच जण उठून गेले. तुलाही मी तो विचारला होता. तू खुर्ची ओढून घेतलीस आणि म्हणालास, "काम काढालेच उनू." आणि खरोखर काम काढलंस.

ते निघालं गेल्या उन्हाळ्यात. बाहेर चव्वेचाळीस अंश, लग्नाच्या दाट तिथी, आणि माझा कॉम्प्युटर तापून मधेच बंद पडत होता. नवरी हार घालायला हात वर करते आणि पडदा काळा. आतले पंखे असे घोंघावत की गिऱ्हाइकाशी ओरडून बोलावं लागे. तू लताला केळीचा घड द्यायला आला होतास. दारातच उभा राहून तो आवाज ऐकलास आणि म्हणालास, याला वारा पुरायचा नाही, याला पाणी पाहिजे. मला वाटलं, हा माझी फिरकी घेतोय. कारण आधीचा कॉम्प्युटर माझ्याच कूलरच्या गळक्या टाकीनं खाल्ला होता, एका अख्ख्या लग्नासकट, आणि हे तुला पक्कं ठाऊक होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्या माणसाला तू सांगत होतास की पाण्याच्या नळ्या थेट मशीनच्या पोटातून फिरवू.

मग तू मोबाइलवर व्हिडिओ दाखवलास. प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डवर तांब्याचे पोकळ ठोकळे बसवायचे. पाणी त्यांच्यातून जाताना उष्णता उचलणार, रेडिएटरमध्ये ती सोडणार, टाकीत येणार आणि पंपानं पुन्हा फिरणार. तू म्हणालास की हे ठिबकच आहे, फक्त पाणी झाडाला द्यायचं नाही, परत घरी आणायचं. मी विचारलं, यात तुझा फायदा काय? तू नुसताच हसलास. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग रविवार सुरू झाले. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स स्टुडिओत पडला होता. तो उलटा पसरून तू त्याच्या पांढऱ्या पाठीवर योजना काढलीस. काढलीस म्हणजे काय, केळीची बागच काढलीस. पंपातून एक मोठी नळी, तिला दोन फाटे, एक प्रोसेसरला, एक कार्डाला. मी आठवडाभर रात्रंदिवस वाचून काढलं होतं, कारण तुझ्या भरवशावर माझा धंदा पाण्यात घालायची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, फाटे नकोत. पाणी सोप्या वाटेनं जाईल आणि दुसरा ठोकळा तहानलेला राहील. एकापुढे एक जोड. तू मान हलवलीस. एकापुढे एक जोडलं की पहिल्या झाडाला जास्त पाणी आणि शेवटच्याला कमी, हे तुझ्या हाडात मुरलेलं. मी तुला सांगत होतो की इथं झाडं पाणी पीत नाहीत रे, जेवढं आत जातं तेवढंच बाहेर येतं. ते पटायला तुला पुढचा रविवार लागला. पटल्यावर तू नवा वाद काढलास, की मग दुसऱ्याला गरम पाणी मिळणार, तर आधी कोण? मी म्हणत होतो प्रोसेसर, तू म्हणत होतास कार्ड. तो वाद आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. नळी जिकडून सहज वळली तिकडून गेली.

आणि तो माठ. मी एक साधा प्रश्न विचारला होता. खोलीतली हवाच चव्वेचाळीस असेल तर पाणी तिच्याहून गार होणार कसं? तू लगेच म्हणालास, "माठमा पाणी थंडं व्हस. आठे काबर व्हवाव नही?" मी म्हणालो, माठ पाझरतो म्हणून गार होतो, आणि आपल्याला पाझर तर नकोच आहे. मला वाटलं, जिंकलो. पुढच्या रविवारी मोटरसायकलच्या मागं पोत्यात गुंडाळून तू भला थोरला माठ आणलास. त्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं बुडवून पाणी गार करायचं आणि मगच कॉम्प्युटरला द्यायचं, असा बेत. स्टुडिओच्या मधोमध माठ, त्याच्या खाली तिवई, तिवईखाली ओल. मी तुला हाकलून देणार होतो. शेवटी तो माठ लतानं स्वयंपाकघरात नेला. आम्ही अजून त्यातलं पाणी पितो. तू मात्र हार मानली नाहीस. मे महिना येऊ द्या, मग बघू कोण खरं, म्हणालास. मे आता तोंडावर आलाय.

सामान तू सुरतेहून आणलंस. रेडिएटर हातात आला तसा मी खिशातल्या नेलकटरनं त्याचा कोपरा खरवडला. तांब्याच्या ठोकळ्यांशी ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडला तर आतल्या आत धातू झिजतो, आणि काळ्या रंगाखाली काय आहे ते दुकानदार थोडाच सांगणार? खरवडल्यावर लालसर तांबं दिसलं. ते बघून तुला सारंगखेड्याचा घोडेबाजार आठवला. गेल्या हिवाळ्यात तूच मला तिथं नेलं होतंस. मला तो बाजार फार आवडला, कारण तिथं अख्खी जत्राच माझ्यासारखी. कोणी खूर उचलून बघतोय, कोणी कान, कोणी घोड्याच्या तोंडात हात घालतोय, आणि मालक शपथा खातोय. मीही दोन-चार घोड्यांचे दात बघून घेतले होते.

"साडूभाऊ," तू म्हणालास, "तुम्ही घोडा लेतस नही, तरी दात देखतस."

मी ते कौतुक समजून घेतलं. तू तसं म्हटलं होतंस की नाही, देव जाणे.

जोडणी झाली आणि खरा गोंधळ सुरू झाला. पाणी भरण्याआधी गळती तपासायची तर हवा भरून तपासायची, हे आपल्या दोघांनाही मान्य होतं. हवा निसटली तर नुकसान नाही. पण हवा भरायची कशानं आणि मोजायची कशानं? तू पुढच्या रविवारी पिशवीतून एक रबरी फुगा आणि काट्याची गोल तबकडी काढलीस. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात ना, त्याच यंत्राची. फुगा दाबत काटा अडीचशेवर न्यायचा, चावी बंद करायची आणि बसून राहायचं. चहा पिऊन होईस्तोवर काटा तिथंच राहिला तर जोड पक्के. युक्ती भारीच होती. मी विचारलं, हे कुठून आणलंस? तू म्हणालास, "घरमा पडेल व्हतं." मी बरं म्हणालो. ज्याच्या-त्याच्यावर संशय घेणारा मी, त्या काट्यावर तेवढा घेतला नाही.

काटा राहिला नाही. पहिल्या रविवारी खाली आला, दुसऱ्या रविवारी आला, नंतरच्याही. फार नाही, हळूहळू, झोप आलेल्या माणसाची मान कलावी तसा. तू कान लावून ऐकायचास आणि म्हणायचास, "हवा कोठे तरी जाई ऱ्हायनी. पुढला आयतवारले देखसूत." मी ब्रशनं प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा आला नाही. फक्त मागच्या खालच्या कोपऱ्यातला एक जोड, पाणी काढून टाकायच्या तोटीजवळचा, तिथं माझा जाड हात शिरत नव्हता. तुझी बोटं लांबसडक. तिथं मी बघतो, असं तू म्हणायचास आणि मी ते चालू दिलं. पण दर रविवारी मी डोळ्यांत तेल घालून बघितलं आणि मला एक गोष्ट कळली. मी चहा आणायला आत गेलो की काटा जास्त पडतो. मी समोर बसलो की कमी.

मी लताला सांगितलं की हा रमण काहीतरी भानगड करतोय. लता कणीक तिंबत होती. तिनं वरही बघितलं नाही. "गळती-बिळती काही नही," ती म्हणाली. "त्यासले मीठ लागस, मीठ."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुला रक्तदाबाचा त्रास. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं, आणि कल्पना म्हणजे सांगितलं एक तर करणार दोन. तुमच्या घरातून लोणचं हद्दपार, पापड हद्दपार, भाजी सपक. आणि माझ्या घरी दर रविवारी कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर लोणच्याची फोड. लता तुला नाही म्हणायची, पण तू ताट पुढं केलंस की तिचा हात सैल व्हायचा. म्हणजे हा माणूस माझ्यासाठी येत नाही, माझ्या कॉम्प्युटरसाठी तर नाहीच नाही. हा लोणच्यासाठी येतो, आणि काम संपलं तर लोणचं बंद होईल म्हणून काटा पाडतो. मला राग आला. खरं सांगू, रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं.

म्हणून मी कॅमेरा लावला. स्टुडिओवाल्याला ते अवघड नाही. कपाटावर, अल्बमच्या दोन खोक्यांच्या मधे, लेन्स बरोबर काट्यावर. मी नेहमीसारखा चहा आणायला उठलो आणि मुद्दाम वेळ लावला. परत आलो तर तू खुर्ची कॅमेऱ्यासमोर नेऊन बसला होतास. केस विंचरलेले, मिशी नीट केलेली.

"साडूभाऊ, मन्हा डावा गाल चांगला शे," तू म्हणालास. "तठून काढा."

लता पोट धरून हसली. मीही हसलो, पण आतून चडफडलो. नंतर ते चित्रण मी पुन्हा पुन्हा बघितलं. तू उठतोस, सरळ लेन्सकडे येतोस, वाकून बघतोस आणि हसतोस. तुझ्या अंगाआड काटा पूर्ण झाकला गेलाय. तू तो मुद्दाम झाकलास की नुसता मधे आलास, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटच्या रविवारी तू डिस्टिल्ड पाण्याचे दोन कॅन आणलेस आणि दाराआड ठेवलेस. मी विचारलं, गळती सापडली का? तू म्हणालास, सापडेल. जेवलास. लोणचं मागून घेतलंस. जाताना मोटरसायकलवर बसून मला म्हणालास की पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवा, गिऱ्हाईक नको. मी का म्हणून विचारलं नाही, मनात मात्र नोंद केली, की आता हा नवीन काहीतरी काढणार.

तो रविवार आलाच नाही. होळी होऊन चारच दिवस झाले होते. सकाळी तू बागेत गेलास आणि केळीच्या दोन ओळींच्या मधे पडलास. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणाले. लताच्या फोनवर बातमी आली तेव्हा मी म्हणालो की कोणीतरी चेष्टा करतंय, नीट विचार. ती पुन्हा विचारत बसली नाही. आम्ही पोचलो तेव्हाही बागेतलं ठिबक चालूच होतं, कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी जाऊन मोटार बंद केली. मला दुसरं काही सुचत नव्हतं, रमण. एवढ्या माणसांत मला फार एकटं वाटलं.

फोटोचं काम माझ्याकडे आलं. घरात तुझे फोटो ढीगभर, पण सगळे कुणाच्या ना कुणाच्या लग्नातले, फेट्यातले, अर्धे डोळे मिटलेले. शेवटी मी त्या कॅमेऱ्यातलाच एक क्षण काढला. तू लेन्सकडे वाकून हसतोयस. मागच्या नळ्या, माझं टेबल, सगळं कापून टाकलं आणि मागं साधा निळा रंग भरला. फ्रेम भिंतीवर लागली तेव्हा सगळे म्हणाले, कसा जिवंत आलाय, आता बोलेल असं वाटतंय. तू बोलणारच होतास. डाव्या गालाबद्दल. तू कशाला हसत होतास ते त्या घरात मला एकट्याला ठाऊक होतं.

उत्तरकार्य झालं, पाहुणे पांगले. मागच्या आठवड्यात मी आणि लता पुन्हा गेलो, तेव्हा कल्पना माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या हातात रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा होता, नुसता पट्टा.

"दाजी," ती म्हणाली, "याना काटा आन् फुगा तुम्हनाकडे शेत का?"

घरात पडलेलं जुनं यंत्र, असं मी धरून चाललो होतो. ते जुनं नव्हतं. डॉक्टरांनी रोज मोजायला सांगितलं म्हणून तिनंच ते आणलं होतं, आणि तू त्यातलं काळीज काढून माझ्या टेबलावर आणून ठेवलंस. मी तिला सगळं सांगितलं. अडीचशे, फेस, पडणारा काटा, सगळं. वाटलं, आता ही मला धरणार. माझ्या कॉम्प्युटरचा दाब मोजला गेला आणि तुझा राहिला, असं कुणीही म्हणेल. मीच म्हणत होतो.

कल्पना ऐकून घेत होती. मग तिच्या चेहऱ्यावर थोडंसं हसू आलं. म्हणाली, "मोजाले लागू नये म्हनीसन दी टाकं व्हई तुम्हले. काटा व्हता तवय बी कोठे मोजेत?"

तिचाही संशयच म्हणायचा. यंत्र दिसेनासं झालं तेव्हाच तिनं ओळखलं होतं की तू ते मुद्दाम कुठंतरी पोचवलंयस, रोजची कटकट चुकवायला. मला बरं वाटावं म्हणून ती असं बोलली का? तशी ती आहे. म्हणून तिच्या बोलण्यावर मी अर्धाच विश्वास ठेवतो. तुझ्या आईचाही रक्तदाब आता वाढलाय, तेव्हा येत्या रविवारी काटा आणून द्या, एवढंच तिचं मागणं होतं. उठता उठता तिनं विचारलं, "ते काम पुरं व्हयनं का? शेवटला जोड तुम्हना हाते लावाडा का त्यासनी?"

मला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. ठिबक जोडलंस की सगळ्यांत शेवटच्या नळीचं शेवटचं बूच तू कधीच पक्कं करत नव्हतास. नुसतं टेकवून ठेवायचास, आणि काम पूर्ण झालं की शेतमालकाला तिथं नेऊन म्हणायचास, आता तुमचा हात लावा. मालकाच्या हातानं बूच बसल्याशिवाय तुझं काम संपलं असं तू मानत नव्हतास. त्यानं स्वतः बसवलं की उद्या गळालं तरी तो शिव्या देत येणार नाही, हा एक भाग. पण तुमच्या नव्या बागेतलं बूच तू कल्पनाला लावायला लावलं होतंस. तिथं कोण कुणाला शिव्या देणार होतं? हे सांगताना ती रडली. लताही रडली. मी भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघत बसलो.

आज तो रविवार आहे. दुपारी काटा घेऊन सारंगखेड्याला निघायचं होतं, म्हणून सकाळीच तो काढायला बसलो. दुकान बंद ठेवलं होतं. काढण्याआधी एकदा शेवटचं बघू म्हणून मशीन गोधडीवर आडवं केलं. इतके दिवस ते आडवं करायला मी घाबरायचो. आडवं झाल्यावर मागच्या कोपऱ्यात माझाही हात पोचला. तोटीजवळचा जोड बोटानं फिरला. अर्धा आटा मोकळा होता.

मी तसाच जमिनीवर बसून राहिलो. कल्पनाचं ऐकायचं तर तू काम पूर्ण केलं होतंस. पाण्याचे कॅन आणून ठेवलेस, दुकान बंद ठेवायला सांगितलंस, आणि हा जोड माझ्या हातासाठी मोकळा सोडलास. हे पटण्यासारखं आहे. पण तेवढं धरलं तर आधीच्या रविवारांचं काय? तेव्हाही काटा पडत होता. तेव्हाही ह्याच कोपऱ्यात फक्त तुझा हात जात होता. मी चहाला उठलो की तू हा आटा हळूच सैल करायचास, आणि जाताना म्हणायचास, पुढच्या रविवारी बघू. माझा संशय असा आहे, आणि मी तो सोडणार नाही. लोणच्यासाठी म्हणावं तर लोणचं तुला कधीही मिळालं असतं. लता तुला बरणी भरून देत होती, तू नेली नाहीस. कल्पनाला कळेल म्हणून नेली नाहीस, असंही असेल. मला माहीत नाही. पण तुला कुठंतरी ठाऊक असणार की ह्या माणसाकडे कामाशिवाय गेलं तर हा विचारतो, काय काम काढलं? म्हणून तू काम संपू दिलं नाहीस.

आजवर माझा संशय खोटा निघाला की मला हायसं वाटायचं. हा एक तेवढा खरा निघावा असं मला वाटतं, रमण. तू मला फसवलं असशील तर मी तुझा फार ऋणी आहे. हे तुझ्या तोंडावर बोलायला पाहिजे होतं. पण तोंडावर बोललो असतो तर तू डावा गाल पुढं केला असतास.

मग मी तो जोड आवळला. स्वतःच्या हातानं, सावकाश, जास्त जोर न लावता, तू सांगायचास तसा. मशीन उभं केलं, फुगा दाबत काटा अडीचशेवर नेला आणि चावी बंद केली. लता चहा घेऊन दारात येऊन उभी राहिली. या खेपेला मी चहाला उठलो नाही, काट्यावरची नजर काढली नाही. मनातल्या मनात म्हणत होतो, पड थोडा. थोडासा तरी पड.

लतानं विचारलं, काय झालं? पेल्यातल्या चहावर साय धरली.

काटा जागचा हलला नाही, रमण. आता पुढच्या रविवारी यायला तुला काही कारण उरलं नाही.